सगळ्यांत खालची खाच

मी जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. गवत कापायचा ढकलगाडा. लोक मला मॉवर म्हणतात. मला इंजिन नाही, पेट्रोल लागत नाही. दांडा धरून माणसानं ढकललं की माझी दोन चाकं फिरतात, चाकांबरोबर पिळाची पाती फिरतात, आणि खालच्या स्थिर पात्याशी त्यांची गाठ पडते. कात्रीचं चालतं तसंच. तेव्हा जुना म्हणालात तर चालेल. भंगार म्हणत असाल तर आधी पात्याला बोट लावून बघा.

मित्रांनो, आत्ता माझ्या अंगावर सकाळचा हिरवा रस आहे आणि तिकडं अंजिराच्या झाडाखाली अजून इसुकुटीचे ढोल वाजताहेत. आज शिकुलू गावच्या मैदानावर फुटबॉलची मॅच झाली. आमच्या मुलींची, आमच्या मैदानावर, आम्ही वाढवलेल्या गवतावर. मला दम निघत नाहीये. तरी सुरुवातीपासूनच सांगतो, कारण मधूनच ऐकलंत तर तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात, गवत तर होतं.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका धुराड्यांच्या गावातला. भट्टीत लोखंड वितळलं, त्याला पीळ दिला, घासलं, आणि शेवटी एका फिटरनं माझ्या पात्यांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरली. हीच माझी परीक्षा. पट्टी स्वच्छ कापली गेली तर पास. चुरगळली किंवा फाटली तर परत कानशीखाली. मी पास झालो. तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. कापलेलं गवत बरं होतं, फाडलेलं गवत आजारी पडतं. त्याची टोकं पांढरी होतात आणि ते झुरायला लागतं.

माझ्या बाजूला उंचीच्या खाचा आहेत. वरची खाच लावली तर गवत बोटभर उंच राहतं. जसजसं खाली याल तसतसं ते बारीक होतं. सगळ्यांत खालची खाच फक्त लाडावलेल्या हिरवळीसाठी आहे, जिला रोज पाणी, वेळच्या वेळी खत आणि दिमतीला नोकर असतात. ही खाच लक्षात ठेवा. सगळी भानगड तिचीच आहे.

जहाजातून मोम्बासा, आगगाडीतून किसुमू, तिथून लॉरीतून मी शिकुलूला आलो. तेव्हा इथं सोन्याची खाण होती. खाणीच्या साहेबांना टेनिससाठी हिरवळ हवी होती. त्या हिरवळीवर इथल्या माणसाला दोनच गोष्टींची परवानगी होती. मला ढकलायची आणि कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायची. बाकी पाय ठेवला तर हाकलून देत. गवत ह्याच मातीतलं, पाऊस ह्याच आभाळातला, पण बसायचा हक्क साहेबाच्या कुत्र्याला. सोनं संपलं तसे साहेब गेले. जाताना त्यांनी पियानो नेला, कुत्री नेली, मला मागं टाकलं. बरं केलं.

मग गावानं खाणीशेजारची जमीन सपाट केली आणि फुटबॉलचं मैदान केलं. मला खांद्यावर घेऊन मिरवत आणलं, पुढं ढोल, मागं बायका गात. त्या दिवशी मी पहिल्यांदा अशा गवतावर चाललो ज्याच्यावर कुणालाही पळायची परवानगी होती. किती पळाली माणसं! म्हातारीसुद्धा चपला काढून एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाऊन आली, नुसतंच, बघायला.

पुढं मैदान शिवाचींच्या ताब्यात आलं. मोठी माणसं त्यांना मानानं म्झे म्हणतात, मुली कुका म्हणतात, म्हणजे आजोबा. तरुणपणी ते आमचे सेंटर फॉरवर्ड होते, आणि त्यांच्या शॉटनं गोलचा खांब हलायचा. मैदानावर त्यांचा जीव. पण जीव लावायची त्यांची एकच रीत होती, आणि ती त्यांनी आईकडून घेतली होती.

आमच्याकडं अंगण म्हणजे झाडलेली लाल माती. दिवस उगवायच्या आत बाई फांद्यांचा झाडू घेऊन वाकते आणि मातीवर झाडूच्या रेघा अर्धगोल उमटत जातात. त्या रेघांवर पहिलं पाऊल पाहुण्याचं पडावं, हा मान. घरापुढं गवताची काडी दिसली तर लोक त्या घरच्या सुनेला नावं ठेवतात. ह्यात चूक काही नाही. गवतात साप लपतो, कोंबडीची पिल्लं हरवतात. अंगण असंच हवं.

एकदा राजधानीतून कुणी बडा पुढारी मैदानावर येणार होता. शिवाचींनी मला सगळ्यांत खालच्या खाचेला लावलं. मी करकरलो, दगडावर ठेचकाळलो, पण खाच फिरवणारा हात माझा नाही. गवत मुळापर्यंत तासलं गेलं. मग गावातल्या बायका झाडू घेऊन आल्या आणि उरलंसुरलं झाडून लाल माती काढली. पुढारी आला. त्याची गाडी थेट मधल्या वर्तुळात उभी राहिली. तो म्हणाला, काय स्वच्छ मैदान आहे, ताटात वाढल्यासारखं. शिवाचींची छाती फुगली. झालं. तेव्हापासून प्रत्येक मॅचच्या आधी तेच. पुढाऱ्याला गवतातलं काय कळतं? त्याला टाळ्या कळतात. एका माणसाच्या एका वाक्यानं आमचं गवत मेलं, आणि तो माणूस पुन्हा कधी फिरकला नाही.

गवत पानातून जेवतं, मित्रांनो. पान काढून घेतलंत तर मूळ काय खाणार? आधी मुळं आखडली, मग मेली. जानेवारीत धूळ, एप्रिलच्या मोठ्या पावसात चिखल, आणि मधल्या काळात मैदान भाजलेल्या विटेसारखं. त्यावर शनिवारी सकाळी बैलांच्या झुंजी. गवतच उरलं नाही म्हटल्यावर माझं काय काम? मला शिवाचींच्या कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं. माझ्या पात्यांवर कोंबड्या झोपायच्या, गवत गोळा करायच्या माझ्या पेटीत अंडी घालायच्या. एक काळी कोंबडी तर मला स्वतःचं घरच समजायची. मी गंजत गेलो. खुराड्याला फटी होत्या, त्यातून मैदान दिसायचं. ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याच मैदानावर मुलींची टीम उभी राहिली. कुणी बाजारात भाजी विकणारी, कुणी शिक्षिका, कुणी दोन लेकरांची आई. संध्याकाळी कमरेला गुंडाळलेला लेसो सोडला, खाली चड्डी, की खेळायला तयार. गोलमध्ये खासियाला नावाची मुलगी. उंच, लांब हातांची, तोंडानं फटकळ. समोरची मुलगी बॉल घेऊन आली की ही ओरडायची, ये गं, चहा ठेवलाय. टीम जिंकत गेली, वरच्या लीगमध्ये चढली. आणि चढण्याच्याच मॅचमध्ये खासियालानं डावीकडं उडी घेतली. बॉल अडवला. पण त्या झाडलेल्या, विटेसारख्या मातीवर तिचा खांदा असा आपटला की आवाज मला खुराड्यात ऐकू आला. सगळं मैदान गप्प झालं, ती उठतेय का बघत. ती उठली नाही. एक दार काढून आणलं आणि त्याच्यावर घालून तिला नेलं.

शिवाचींनी त्या सकाळी मैदान स्वतः झाडलं होतं. एक खडा ठेवला नव्हता.

खांदा जुळला, पण गोलकीपरचा राहिला नाही. वरून लीगचा निरोप आला की पुढच्या मोसमाआधी मैदान तपासायला माणूस येईल. गवत नसेल तर शिकुलूच्या घरच्या मॅचेससुद्धा किसुमूला होतील. ऐकायला साधं वाटतं ना? पण जिला पहाटे गाय पिळायची आहे, जिचं लेकरू पाठीवर आहे, ती दर आठवड्याला किसुमूला कशी जाणार? मुलींनी हिशेब न करताच ओळखलं. मैदान गेलं की टीम गेली.

खासियाला गप्प बसणारी नव्हती. किसुमूजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर गवताची देखभाल शिकवतात असं तिला कळलं. तिथं जाऊन राहिली. परत आली ती थेट अंजिराच्या झाडाखालच्या सभेत. तिनं सांगितलं की आजपासून मोठा पाऊस संपेपर्यंत मैदान बंद. ना मॅच, ना झुंज, ना झाडू. जमिनीला भोकं पाडायची, वाळू घालायची, गवत लावायचं, आणि वाढू द्यायचं.

सभेत हलकल्लोळ झाला. तिची सख्खी आत्या, म्हणजे आमच्या बोलीत सेंगे, चहाच्या टपरीवाली इम्बुहिला, सगळ्यांत आधी उठली. ती म्हणाली, "लोक गाय पाळतात, कोंबडी पाळतात. माझी भाची शिकून आली नि आता गवत पाळणार. उद्या सापालाही टीममध्ये घे हो, पळायला बरा असतो."

लोक पोट धरून हसले. शिवाची हसले नाहीत.

"तू जन्मायच्या आधीपासून झाडतोय मी हे मैदान," ते म्हणाले. "एक खडा लागला का तुला कधी?"

"खडा नव्हता, कुका," खासियाला म्हणाली. "तरी खांदा मोडला."

शिवाचींनी आपला झाडू उचलला आणि ते घरी गेले. त्यानंतर बरेच दिवस ते मैदानाकडं फिरकले नाहीत. पण जाताना एक झालं. त्यांचाच तुफानी नावाचा बैल झुंजींचा राजा होता. त्यांनी त्याला सोडलं आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत नेऊन बांधलं. राजा गेला तशा झुंजीही तिकडं गेल्या. बैलाला लवकर कळलं. माणसांना वेळ लागला.

आणि मग खासियाला स्वतः खुराड्यात आली! काळी कोंबडी एवढी ओरडली की विचारू नका. खासियालानं अंडी काढली, अंडी सोडवेनात म्हणून काळीनं तिच्या हाताला चोच मारली, तरी खासियालानं मला उजेडात ओढलं. माझं रूप बघून मुली म्हणाल्या, हे तर मेलंय. खासियालानं माझ्यावर तेल ओतलं. गंज खरवडला. बारीक वाळू तेलात कालवून पात्यांना फासली आणि मला उलटं फिरवत राहिली, उलटं, उलटं, तिचा चांगला खांदा भरून येईपर्यंत, मग मुलींनी पाळीपाळीनं. उलट्या फिरवण्यानं धार येते, हे ती तिकडून शिकली होती. मग तिनं भिंतीवरच्या जुन्या निवडणुकीच्या पोस्टरची पट्टी फाडली आणि माझ्यात धरली. पुढाऱ्याचं हसू बरोबर मधून कापलं गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा तो फिटर आठवला. मी पास झालो होतो, दुसऱ्यांदा!

आता शिकवणी सुरू झाली. आधी मुली चार दातांच्या कुदळी घेऊन एका ओळीत उभ्या राहिल्या. दात जमिनीत रोवायचे, थोडं मागं कलंडायचं, काढायचं, एक पाऊल पुढं. माती दडपून इतकी घट्ट झालेली की आत ना हवा जाई ना पाणी. पहिल्या दिवशी दात जेमतेम बोटाच्या पेराइतके गेले. मुली म्हणाल्या, ही मैदानाची कुदळणी आहे की आमची? खासियाला म्हणाली की पळायचा सराव बंद आहे ना, मग हाच सराव. पाऊस पडला, माती मऊ झाली, मग पुन्हा कुदळल्या. मग नदीची वाळू डोक्यावरच्या घमेल्यातून आणून त्या भोकांत झाडली. टपरीवरून सेंगे बघत होती आणि गिऱ्हाइकांना सांगत होती की माझ्या घराण्यात वेड नव्हतं, हे तिच्या आईकडून आलंय.

गवत कुठलं? विकतचं नाही. खाणीच्या साहेबाची ती हिरवळ आठवते? बंगला पडला, कुंपण मोडलं, पण गवत रानटी होऊन तिथंच पसरलं होतं. खासियालानं त्याच्या लांब लांब दोऱ्या उपटल्या, त्यांचे तुकडे केले, प्रत्येकाला एकदोन गाठी राहतील असे, आणि मैदानात ओळी पाडून पुरले. गाठीतून मूळ फुटतं. ज्या गवतावर आमच्या लोकांना पाय ठेवायची बंदी होती, ते गवत आमच्या मुलींनी डोक्यावरून वाहून आणलं आणि सगळ्या गावाच्या पायांसाठी लावलं. मला ही गोष्ट फार आवडते. साहेबांना कळली असती तर त्यांचा चहा कडू झाला असता.

पाण्याची गंमत खासियाला स्वतः चूक करूनच शिकली होती. शिकायला गेली तेव्हा तिला एक वाफा दिला होता. ती रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं शिंपडायची, पाहुण्याला पाणी विचारावं तसं. गवत छान हिरवं दिसायचं. मग तिथल्या शिकवणाऱ्या बाईनं मूठभर गवत उपटून दाखवलं. मुळं नखाएवढी. रोज वर पाणी मिळालं की मुळं आळशी होतात, वरच बसतात, आणि एक उन्हाचा आठवडा आला की सगळी आडवी. भरपूर द्यायचं, खोलवर जाईल इतकं, आणि मग थांबायचं. मुळं पाणी शोधत खाली जातात. मुलींना ती हे सांगताना म्हणाली, मलाही तिकडं असंच ठेवलं होतं, एकदा पोटभर शिकवायचे आणि मग चार दिवस कुणी विचारायचं नाही.

गवत आलं. आधी ओळी, मग ओळींमधल्या जागा भरल्या, मग पाय ठेवला की तळव्याला गार. मला पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हा मी वरच्या खाचेला होतो. खासियालाचा नियम साधा. गवत जेवढं उंच आहे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका वेळी कधीच काढायचं नाही. उशीर झाला असेल तर दोनदा कापा, थांबून थांबून, पण अधाशासारखं ओरबाडू नका. आणि दर वेळी दिशा बदला, नाहीतर गवताला एकाच अंगाला झोपायची सवय लागते. काय ते पहिलं कापणं! कच्च्या हिरव्याचा वास, ओली पाती, चाकांची ती टकटक. मी खुराड्यात एवढी वर्षं काढली ती ह्याच दिवसासाठी.

पण गावाच्या डोळ्यांना ते खटकत होतं. बोटभर गवत! लोक जाता-येता म्हणायचे की शेळी सोडा. शिवाची लांबून बघायचे आणि मान फिरवायचे.

तपासणीचा दिवस ठरला. लीगचा माणूस सकाळी उन्हं चढल्यावर येणार होता. आणि मित्रांनो, आता आमच्या गावानं तेच केलं जे पाहुणा येणार असला की आमचं गाव करतंच. कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही. उजाडताच घराघरातून बायका झाडू घेऊन निघाल्या, पुरुष कोयते घेऊन. सेंगे इम्बुहिला सगळ्यांच्या पुढं. एवढ्या चेष्टेनंतरही ती आली होती, कारण भाचीची इज्जत जायला नको. परका माणूस येणार आणि आपल्या दारात गवत? आणि शिवाची आले. त्यांनी मला बाहेर काढलं, वाकले, आणि खाच फिरवली. सगळ्यांत खालची.

मी काय करणार? माझी धार आता ताजी होती. चांगल्या धारेचं दुःख हेच, ती कुणाचंही ऐकते. गोलसमोर एक पट्टा गेला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागं लाल माती आणि पिवळी खुंटं. शिवाचींनी वळण घेतलं आणि दुसऱ्या पट्ट्याला मला लावलं. मागं बायका झाडू टेकवून तयार.

तेवढ्यात खासियाला आली. पळत आली, पण ओरडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पायाची बोटं माझ्या पात्यांपासून वीतभरावर. शिवाचींना थांबावंच लागलं.

"बाजूला हो," ते म्हणाले. "पाहुणा येतोय. तुझंच काम करतोय मी."

सेंगे म्हणाली, "अगं, असं झिपरं मैदान दाखवणार त्याला? तोंडावर काय सांगेल तो आपल्याला?"

 खासियाला गोलकडं गेली, जाळीतला बॉल काढला आणि शिवाचींच्या पायाशी ठेवला. मग गोलसमोर गवतात उभी राहिली. जिथं अजून गवत होतं, तिथं.

"मारा, कुका."

"तुझा खांदा—"

"मारा. की आता पाय चालत नाही?"

हे शिवाचींना लागलं. त्यांनी चपला काढल्या आणि बॉल मारला. जुन्या सेंटर फॉरवर्डचा पाय होता तो. खासियाला उजवीकडं झेपावली, चांगल्या खांद्यावर, गवतात घसरत गेली आणि बॉल कवेत घेऊन उठली. हसत होती. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली. बायकांमध्ये कुणीतरी नकळत आनंदाची उलुलू आरोळी दिली.

मग तिनं बॉल पुन्हा शिवाचींच्या पायाशी ठेवला. आणि ह्या वेळी ती जाऊन उभी राहिली त्या पट्ट्यावर. त्यांनी आत्ताच तासलेल्या.

"आता इथं मारा."

शिवाचींनी बॉलकडं बघितलं. पट्ट्याकडं बघितलं. खासियालाच्या खांद्याकडं बघितलं. सगळं गाव गप्प झालं होतं, आणि ती कुठली शांतता आहे हे तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. मी ती खुराड्यातून ऐकली होती.

"नाही मारणार," शिवाची म्हणाले.

 मग ते वाकले, आणि माझी खाच वर केली. 

आता झाडू घेतलेल्या बायकांचं काय करायचं? त्या परत गेल्या असत्या तर अपमान घेऊन गेल्या असत्या, आणि खासियालाला ते नको होतं. तिनं सेंगेला सांगितलं की पाहुणा मैदानात येण्याआधी रस्त्यानं येणार, अंजिराखाली बसणार, चुन्याच्या रेषेबाहेरून चालणार. रेषेच्या बाहेरचं सगळं तुमचं. आत फक्त गवत. सेंगेनं पदर खोचावा तसा लेसो कमरेला आवळला आणि बायका तुटून पडल्या. रेषेबाहेरची लाल माती, झाडूच्या अर्धगोल रेघा, आणि मधोमध हिरवं मैदान. मित्रांनो, मी इंग्लंडातून आलोय, साहेबांच्या हिरवळी बघितल्यात. एवढं सुंदर मैदान मी कधीच बघितलं नव्हतं. आणि ते आमच्या बायकांच्या झाडूशिवाय तसं दिसलंही नसतं.

लीगचा माणूस आला. बुटका, घामट, हातात लोखंडी सळई. सेंगेनं त्याला चहा आणि उकडलेली रताळी दिली, त्यानं उभ्या उभ्या खाल्ली. सळई मातीत खुपसली. ती सरळ आत गेली. त्यानं बॉल डोक्यावर धरून सोडला आणि किती उसळतो ते बघितलं. गवत मुठीत धरून ओढलं. ते तुटलं, मुळासकट आलं नाही. मग तो गोलसमोरच्या पट्ट्याशी थांबला आणि विचारलं की हे काय झालंय.

खासियाला काही बोलायच्या आत शिवाची पुढं झाले.

"ते मी केलंय. झाडायची सवय आहे. बाकीचं सगळं हिनं केलंय."

त्या माणसानं वहीत काही खरडलं. आम्ही सगळे श्वास धरून. तो म्हणाला की पट्ट्यावर वाळू घाला, पाणी द्या, मॅचपर्यंत भरून यायला पाहिजे. आणि तुमच्या मॅचेस इथंच होतील.

पुढं जे झालं त्याचा आवाज नदीकाठी तुफानीनंही ऐकला असेल!

त्या पट्ट्याला पाणी कुणी घातलं, सांगायला नको. शिवाची स्वतःचा डबा घेऊन यायचे. एकदा भरपूर ओतायचे आणि मग चार दिवस दुरून बघत बसायचे, हात चोळत. न शिंपडता बसणं त्यांना झाडण्याहून जड जात होतं. रोज सकाळी ते रेषेबाहेर झाडत, आत पाऊल टाकताना चपला काढत.

आणि आज मॅच! सकाळी खासियालानं मला वरच्या खाचेला लावून दोन्ही दिशांनी फिरवलं. दुपारी ढोल आले. गोलमध्ये आता मुहोन्जा आहे, बाजारात केळी विकणारी, खासियालानं तयार केलेली. मॅच सुटायला थोडा वेळ होता, गोल कुणाचाच नव्हता, आणि पलीकडच्या टीमची एक मुलगी सगळ्यांना चुकवून एकटी सुटली. मुहोन्जा बाहेर आली आणि आडवी झेपावली. बरोबर त्या पट्ट्यावर, जो शिवाचींनी तासला होता आणि पुन्हा वाढवला होता. बॉल हातात, अंग जमिनीवर, दोन-तीन पावलं घसरत गेली.

सगळं मैदान गप्प. शिवाची झाडू घट्ट धरून उभे. 

मुहोन्जा उठली. गुडघा झटकला, बॉल उंच लाथाडला आणि ओरडली, ये गं पुन्हा, चहा गार होतोय. तिच्या पांढऱ्या चड्डीवर कमरेपासून गुडघ्यापर्यंत डाग होता. लाल नाही. हिरवा.

मॅच बरोबरीत सुटली, शून्य-शून्य. आणि गाव असं नाचतंय जणू कप आणलाय.

मित्रांनो, आता तुमच्याशी थेट बोलतो. तुमच्याही गावात एखादं मैदान असेल. त्यावर पुढाऱ्याचा मांडव घालतात, गाड्या उभ्या करतात, आणि मग पोरं पडली की पोरांना सांभाळून खेळा म्हणतात. गप्प बसू नका. विचारा की गवत कुठं गेलं. ते आणणं अवघड नाही. जमिनीला श्वास घेऊ द्या, खोल पाणी द्या, थोडं थोडं कापा, आणि थकलेल्या जागेला विसावा द्या. आणि कुठल्या खुराड्यात माझ्यासारखा कुणी पडला असेल तर त्याला बाहेर काढा. आधी अंडी उचलून घ्या, काळ्या कोंबड्या फार रागीट असतात.

आत्ताच शिवाची आले होते. मला पुसलं, तेल दिलं, आणि आपल्याच ओसरीवर ठेवलं. काळी मागोमाग आली, तिला हुसकावलं. मग माझ्याकडं वाकून त्यांनी अंगठ्यानं खाच चाचपली, वरचीच आहे ना बघायला. वरचीच होती. तरी त्यांनी जाताना मागं वळून पुन्हा एकदा बघितलं.